पंचायतीच्या सहीशिवाय देखभालीचं बिल निघू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

5 नोव्हेंबर 2025 ला राज्य सरकारने स्टारलिंक या उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीसोबत इरादापत्रावर सह्या केल्या. त्यात गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिमच्या जोडीला आपल्या धाराशिव जिल्ह्याचं नाव आहे. ती बातमी आल्यापासून गावात लोक मला थांबवून विचारतात, "ताई, आता नेट वरून येणार म्हणं?" मी भूम तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावरच्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. जिल्ह्याचं नाव आलं याचा आनंद मलाही आहे. पण आमच्या पंचायतीत जमिनीखालून आलेलं नेट आधीच आहे आणि ते बंद आहे. वरून येणाऱ्या नेटचं स्वागत करताना खालच्याचं काय झालं, हे कुणीतरी सांगायला पाहिजे, म्हणून हे पत्र.

पंचायतीच्या खोलीत भिंतीवर एक पांढरा डबा आहे. तालुक्याहून येणारी फायबरची तार त्याच्यात संपते. तार जोडली तेव्हा पेढे वाटले होते. आमच्याकडे घरोघरी म्हशी आणि खव्याच्या भट्ट्या, त्यामुळे पेढ्याला तोटा नव्हता. काही दिवस नेट असं पळालं की आमचा संगणक परिचालक दाखले हातोहात काढून द्यायचा. मग रस्त्याचं काम निघालं. जेसीबीने साईडपट्टी उकरली आणि डब्यावरचा हिरवा दिवा जाऊन लाल दिवा लुकलुकायला लागला. तार जोडून मिळाली, तर नळयोजनेच्या चारीत ती पुन्हा तुटली. तेव्हापासून लाल दिवाच आहे.

हा लाल दिवा म्हणजे काय, हे मी त्या कामातल्या एका पोराकडून समजून घेतलं. तालुक्याच्या यंत्रातून निघालेला उजेड तारेतून आमच्या डब्यापर्यंत पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तार किती मीटरवर तुटली ते दाखवणारं मशीन असतं, आणि तुटलेली दोन टोकं वितळवून जोडणारं दुसरं मशीन असतं. दोन्ही मशीनं घेऊन माणूस आला तर दिवसाच्या आत काम होतं. म्हणजे अडचण तंत्राची नाही. माणूस येत नाही, ही अडचण आहे. तालुक्याला विचारलं तर जिल्ह्याला विचारा म्हणतात, जिल्ह्यात म्हणतात आमच्याकडे फक्त अहवाल येतो, देखभालवाल्यांना फोन करा. देखभालवाले म्हणतात रस्त्याच्या गुत्तेदाराने तोडली, भरपाई त्याच्याकडून घ्या. गुत्तेदार बिल उचलून दुसऱ्या तालुक्यात गेलेला.

तार एकट्या आमची तुटत नाही. पहिल्या टप्प्यात बहुतेक ठिकाणी गावं एकामागं एक अशी जोडली गेली. पाटाच्या शेवटच्या टोकाच्या रानाला जसं वरच्या फुटीचा फटका बसतो, तसंच इथं होतं. मधल्या एका गावात खोदकाम झालं की पुढची सगळी गावं अंधारात. आमच्या पुढं वस्त्या आहेत, वाड्या आहेत. त्यांना तर तार कुठं तुटली हे कळतही नाही.

मग लोक मोबाईलवर येतात. आमच्या गावात टॉवर नाही, शेजारच्या गावात आहे. त्यालाही फायबर नाही, तो दुसऱ्या टॉवरशी बिनतारी जोडलेला आहे. सांजच्याला धारा काढून झाल्या की सगळी फोनवर येतात आणि पान उघडता उघडत नाही. जानेवारी 2023 पासून आपल्या देशात ब्रॉडबँड म्हणायला सेकंदाला किमान 2 मेगाबिटचा वेग लागतो, त्याआधी 512 किलोबिटलाही ब्रॉडबँड म्हणत होते. पंचायतीच्या डब्याला तर 100 मेगाबिटचा शब्द दिलेला आहे. आमच्या गावात संध्याकाळी 2 ची हमीसुद्धा कुणी देऊ शकत नाही.

यात नुकसान कुणाचं होतं ते सप्टेंबर 2025 मध्ये दिसलं. त्या महिन्यात भूम, परंड्यात पाण्याने काय केलं ते आपल्या वाचकांना सांगायला नको. सोयाबीन गेलं, जनावरं गेली, माती वाहून गेली. पंचनामे झाले, याद्या लागल्या आणि ज्यांचा फार्मर आयडी निघाला नव्हता त्यांना विशिष्ट क्रमांक घेऊन ई-केवायसी करायला सांगितलं. त्याच वेळी लाडक्या बहिणींचं ई-केवायसी सुरू झालं. त्यात बाईच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या मोबाईलवरही येतो. ओटीपीला रेंज लागते, साईटला नेट लागतं आणि दोन्ही एकाच वेळी लागतात. आमच्या बाया टेकाडावर जाऊन उभ्या राहत होत्या. ओटीपी येईपर्यंत साईट बंद पडायची, साईट उघडली की ओटीपीची मुदत संपलेली. पुढं सरकारने मुदत 18 नोव्हेंबरवरून 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, ते चांगलं केलं. पण मुदत वाढवल्याने तार जोडली जात नाही. शेवटी बायांनी रोजगार बुडवून, एसटीचं तिकीट काढून तालुक्याच्या केंद्रावर दिवस घातला.

अंगणवाडीच्या मावशींचं वेगळंच. 1 जुलै 2025 पासून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी आईचा चेहरा मोबाईलमध्ये ओळखला जावा लागतो. नेट नसलं की लेकरू कडेवर घेतलेली बाई ताटकळत उभी आणि मावशी मोबाईल वर धरून अंगणात फिरते. आहार तिथंच आहे, आई तिथंच आहे, लेकरू तिथंच आहे.

खव्याचंही सांगते, कारण आमचं गाव त्यावर चालतं. चार-पाच लिटर म्हशीचं दूध आटवलं की किलोभर खवा होतो आणि तो नासायला वेळ लागत नाही. शहरातला व्यापारी सकाळी मोबाईलवर मागणी सांगतो, पैसेही मोबाईलवरच टाकतो. संदेश उशिरा आला की तेवढ्यात गाडी निघून जाते. भट्टीवर बसणारी बहुतेक घरांत बाईच असते. पैसे आले का नाही, हे तिला रात्री कळतं.

हे सगळं मनात घेऊन आम्ही आधी महिला सभेत आणि मग ग्रामसभेत नेटचा विषय घेतला. एवढी भरलेली ग्रामसभा मी सदस्य झाल्यापासून पाहिली नव्हती. पाणी सोडलं तर दुसऱ्या कुठल्या विषयावर इतकी माणसं बोलली नाहीत.

पहिला विषय टॉवरचा निघाला. काहींचं म्हणणं, तार जाऊ द्या, गावात टॉवर मागा. त्यावर म्हाताऱ्या बाया उठल्या. शाळेजवळ टॉवर नको, लेकरांना कॅन्सर होतो, चिमण्या गेल्या त्या टॉवरनेच. लोक हसायला लागले तेव्हा मी थांबवलं. ज्यांनी आयुष्यभर लेकरं सांभाळली त्यांना भीती वाटते, तर तिला उत्तर द्यायला पाहिजे. आपल्या देशात 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे, आणि आपल्या भागातला टॉवर त्या नियमात बसतो का हे केंद्र सरकारच्या तरंग संचार या पोर्टलवर पाहता येतं. हे मी सभेत सांगितलं. तरीही बायांनी शाळेपासून लांबचा आग्रह सोडला नाही आणि सभेने तो मानला. टॉवर मंजूर झालाच तर टेकाडावरच्या गायरानात जागा सुचवायची असं ठरलं. तिथून रेंजही खालच्या वस्त्यांपर्यंत जाईल. तारेतून मात्र उजेड जातो, त्यात लहरींचा प्रश्न येत नाही. हे कळल्यावर ज्या बाया टॉवरला विरोध करत होत्या त्याच तारेच्या बाजूने उभ्या राहिल्या.

मग एक आजोबा म्हणाले, "नेट आलं की पोरं बिघडत्याल. आता हाय त्येच लई झालं." माना डोलल्या. तेव्हा बारावीला असलेली एक मुलगी मागून बोलली. म्हणाली, "आजोबा, ज्याला रील बघायचंय तो टेकाडावर जाऊन बघतोयच की. रात्री मला टेकाडावर जाता येत नाही. अभ्यास माझाच राहतो." त्यानंतर त्या विषयावर कुणी बोललं नाही. संपादक महोदय, अकरावीचे प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाले, सीईटीचे अर्ज ऑनलाइन, शिष्यवृत्ती ऑनलाइन. सरकारने दार तिकडं हलवलं असेल तर मुलींना घरात बसून तिथं पोचता आलं पाहिजे. मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

पैशाचा विषय निघाला तेव्हा भट्टीवाले म्हणाले, आम्हाला फुकट नको, महिन्याचं बिल भरतो, पण चालू पाहिजे. पंचायतीचं वीजबिल थकून लाईन तोडली तर डबाही बंद पडतो, म्हणून डब्यापुरतं बिल स्वनिधीतून आधी भरायचं ठरलं. पंचायत दुपारी बंद असते, तर डब्यावरून शाळा, अंगणवाडी आणि रेशन दुकानापर्यंत तार नेता येईल का, हेही विचारायचं ठरलं.

आता पैशाचं. हे नेट सरकार आपल्याला दान देत नाही. आपण रिचार्ज मारतो, त्यातून कंपन्यांना जो महसूल मिळतो त्याचे 5 टक्के खेड्यापाड्यातल्या सेवेसाठी वेगळ्या निधीत जातात. त्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. त्याच निधीतून ऑक्टोबर 2011 मध्ये अडीच लाख ग्रामपंचायती जोडायची योजना मंजूर झाली आणि 2015 मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने सुधारित योजनेला 1,39,579 कोटी रुपये मंजूर केले. त्यात गावं एकामागं एक न जोडता गोल कडीत जोडायची आहेत, म्हणजे एका बाजूने तार तुटली तर दुसऱ्या बाजूने नेट चालू राहील. दीड कोटी घरांना जोडण्या द्यायच्या आहेत. आणि जो उभारेल त्यानेच पुढं 10 वर्षं देखभाल करायची आहे. कागदावर हे अगदी बरोबर आहे. आमचं दुखणं कुठं होतं ते ओळखून केलेलं आहे.

पण त्या 10 वर्षांत तार चालू होती का बंद, हे कोण सांगणार? ज्याच्या खोलीत डबा आहे त्या ग्रामपंचायतीला कुणी विचारत नाही. तार टाकताना विचारलं नाही, तुटल्यावर आमची तक्रार कुणी लिहून घेतली नाही. आमच्या गावची लाईन कागदावर चालू असेल तर मला नवल वाटणार नाही. म्हणून आमच्या ग्रामसभेने ठराव केला आहे: देखभालीचं बिल काढताना त्या-त्या ग्रामपंचायतीचा सही-शिक्क्याचा दाखला लागला पाहिजे, की या तिमाहीत लाईन इतके दिवस चालू होती आणि इतके दिवस बंद होती. बंद दिवसांचे पैसे कापावेत. त्याच ठरावात पंचायतीच्या हद्दीत खोदकाम करणाऱ्या प्रत्येक गुत्तेदाराने आधी पंचायतीला कळवावं असंही घातलं आहे. खोदण्याआधी कळवायचा नियम केंद्राने केलेला आहे, त्यासाठी मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲपही काढलं. आमच्या रस्त्यावरच्या जेसीबीवाल्याने त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. पंचायतीला मात्र तार कुठून गेली ते माहीत आहे, कारण ती आमच्या डोळ्यांदेखत पुरली.

यावर एक हरकत ऐकली आणि ती खोटी नाही. पंचायतीच्या हातात सही दिली की सहीसाठी पैसे मागणारेही निघतील. म्हणून आम्ही ठरावात लिहिलं की बंद-चालूची नोंद रोज वहीत करायची, ती वही पंचायतीच्या भिंतीला टांगलेली असावी आणि दर ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. तालुक्याच्या यंत्रातही लाईन कधी बंद झाली ते उमटतं. दोन्ही नोंदी जुळवल्या की लबाडी कुणाची ते कळेल, मग ती आमची का असेना.

ठराव तालुक्याला आणि जिल्ह्याला पाठवला आहे. उत्तर आलेलं नाही. एका पंचायतीच्या कागदाला किती वजन असतं ते मी जाणते. पण आमच्या तारेवर आमच्या आधीही गावं आहेत आणि नंतरही आहेत, आणि एका ठिकाणी तार तुटली की तिथून पुढच्या सगळ्यांचे दिवे एकाच वेळी लाल होतात. 26 जानेवारीची ग्रामसभा जवळ आली आहे. आपल्या वृत्तपत्राने हे पत्र छापलं तर माझी भूम, परंडा, वाशी, कळंबच्या सदस्यांना विनंती आहे, आपल्या पंचायतीतला डबा एकदा उघडून बघा, कुठला दिवा लागलाय ते लिहून घ्या, आणि हाच ठराव आपल्या सभेपुढं ठेवा. ठरावाची नक्कल आमच्या पंचायतीत मिळेल. कुणी मागितली तर मी स्वतः आणून देईन.

आपली,
ग्रामपंचायत सदस्या,
ता. भूम, जि. धाराशिव