दहावीचा दाखला की व्हिसाचा प्रकार?

संपादक महोदय,

फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी, इटली या देशांशी केंद्राने स्थलांतराचे करार केले. २०२४ मध्ये महाराष्ट्रानेही जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परराष्ट्र धोरणात हा विषय वर आला, हे उत्तमच. पण नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांची विमानतळावरची चाळणी अजून १९८३ च्या स्थलांतर कायद्याची आहे.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' (स्थलांतर-तपासणी आवश्यक) अशी नोंद असते. सौदी, कुवेत, कतार, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जाताना त्याला परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी लागते. त्यासाठी पगार लिहिलेला करारनामा आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा पाहिला जातो. विम्याचा दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांच्या वर सेवाशुल्क घेता येत नाही.

दहावी पास वेल्डर किंवा ड्रायव्हरला ही मंजुरी किंवा विमा सक्तीचा नाही. त्याला स्वेच्छेने नोंदणी करता येते, पण गावात पैसे गोळा करणारा सबएजंट ते कशाला सांगेल? मुळात कायद्याच्या लेखी सबएजंट नावाचा कुणी नाहीच. त्यामुळे पावती नाही, आणि पावती नाही म्हणून पुढे तक्रारही उभी राहत नाही.

त्या १८ देशांच्या यादीची गंमत तर वेगळीच. सायबर ठगीच्या अड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध झालेले म्यानमार, कंबोडिया, लाओस तिच्यात नाहीत. थायलंड आहे, पण मुले तिथे पर्यटक म्हणून उतरतात, सीमेवरच्या माए सोतहून नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीला नेली जातात. पर्यटकाला मंजुरी विचारतो कोण?

दुसरी पळवाट करारनाम्याची. इथे दाखवलेला कागद तिकडे उतरल्यावर बाजूला पडतो आणि कमी पगाराच्या, न वाचता येणाऱ्या अरबी कागदावर सही घेतली जाते. हे इथल्या कार्यालयातून थांबणार नाही; इथे नोंदलेला करारनामाच तिथल्या कामगार मंत्रालयात ग्राह्य धरला जाईल, असे कलम द्विपक्षीय करारातच हवे. आणि मंजुरी दहावीच्या दाखल्याऐवजी नोकरीच्या व्हिसाला जोडावी, देश कोणताही असो.

तोवर जाणाऱ्यांनी एजंटचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर स्वतः तपासावा, त्याची मुदत पाहावी आणि पैसे परवानाधारकाच्याच बँक खात्यात भरावेत.

— एक वाचक, रत्नागिरी