मा. कामगार मंत्री साहेब, आमचा मुकादम कोण ते सांगा

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी पुण्यात डिलिव्हरी करतो, चार वर्षं झाली. वडील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माथाडी होते, आयुष्यभर पोती वाहिली, आता घरी असतात. कंबर गेलीये, पण पीएफ आणि ग्रॅच्युइटी हातात पडली, त्यातच बहिणीचं लग्न उरकलं. हे आधी सांगतोय कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

जुलैमध्ये रात्री साडेनऊला कात्रजच्या पुलाखाली ॲपने सेल्फी मागितला. मधेच मागतं ते, आयडी दुसऱ्याला चालवायला दिलीय का बघायला. धो धो पाऊस, डोक्यावर रेनकोटची टोपी, कॅमेऱ्यावर पाणी, बनियनला पुसून पुसून तीनदा फोटो काढला आणि तिन्ही वेळा चेहरा जुळत नाही. आयडी ब्लॉक. बॅगेत कुणाची तरी बिर्याणी गार होतेय आणि मी चॅटवर, समोरून 'असुविधेबद्दल क्षमस्व', परत लिहिलं की परत तेच. टीम लीडरला फोन लावला तर म्हणे भाऊ माझ्या हातात काय नाय, तिकीट टाक. सहा दिवस घरी बसून, गाडीचा हप्ता काय थांबतो का? सातव्या दिवशी आयडी आपोआप चालू झाली, बंद का केली होती आणि चालू का केली, दोन्ही कुणी सांगितलं नाही.

वडिलांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "तुझा मुकादम कोण?" आता काय सांगू त्यांना. त्यांच्या टोळीत भांडणं कमी नव्हती, वाराईवरून, म्हणजे माल उतरवायच्या मजुरीवरून तर रोजची, पण मुकादम होता, युनियन होती आणि माथाडी बोर्डाच्या ऑफिसात टेबलामागे एक माणूस बसायचा. तो लगेच काम करायचा असं नाही हां, चार चकरा मारायला लावायचा. पण असायचा.

माथाडी कायदा १९६९ चा, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमुळे आला. तेव्हा पण हेच होतं की हमाल कुणाचाच नोकर नाही, आज या गाळ्यावर उद्या त्या. मग नोकर कुणाचा या वादात न अडकता ठरवलं की ज्याचं काम त्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठराविक टक्के जादा रक्कम, बोर्डात भरायची, पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं बोर्ड बघणार. मग तीन गाळ्यांवर ओझी वाहणारा हमाल आणि तीन ॲपवर पळणारा पोरगा यात फरक काय साहेब? उलट आता सोपंय, प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक किलोमीटर कंपनीकडे नोंदलेला असतो, पोती मोजायला माणूस पण नको.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ला पास झाली, लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडलं. ॲपच्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के आमच्यासारख्यांच्या सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे, चांगलंय, नाही कोण म्हणतंय. पण आयडी बंद झाली तर दाद कुठे मागायची ते त्यात सापडत नाही. असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं, ई-श्रमचं कार्ड काढलंय, लॅमिनेट करून पाकिटात ठेवलंय, त्याचा त्या रात्री काय उपयोग झाला? राजस्थानने २०२३ ला ॲपवर काम करणाऱ्यांसाठी स्वतःचा कायदा केला, कर्नाटकने २०२५ ला, कर्नाटकात कामावरून काढायचं असेल तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. १९६९ ला महाराष्ट्र पुढे होता, यावेळी ते पुढे गेले, आणि नीती आयोगच म्हणतो की २०२९-३० पर्यंत देशात आमच्यासारखे २.३५ कोटी असणार.

तर मागणं एवढंच, की माथाडीसारखं आमचं पण बोर्ड करा, लेव्ही ऑर्डरमागे कापून घ्या, आयडी बंद करताना कारण मराठीत लिहून द्यायला लावा, आणि पुण्यात एक तरी ऑफिस उघडा जिथे जाऊन समोर बसता येईल. वेळ फक्त दुपारी ३ ते ६ ठेवा, त्याच्या आधी जेवणाची गर्दी असते आणि नंतर रात्रीचा स्लॉट लागतो.

आपला,
एक डिलिव्हरीवाला, धनकवडी