टोनआर्म हाती आला, आता टर्नटेबल कोणते?

प्रिय श्रीधर,
स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. एस.एम.ई. या इंग्लिश कंपनीचा सिरीज फाइव्ह टोनआर्म, म्हणजे रेकॉर्डवर सुई धरणारा दांडा, तुझ्या हाती आला हे वाचून आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला. २०१९ च्या अखेरीस कंपनीने आपले टोनआर्म सुटे विकणे बंद केले. तेव्हापासून असा निर्दोष जुना आर्म मिळायला नशीब लागते. लोक सहसा आधी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारे यंत्र, घेतात आणि मग त्याला साजेसा आर्म शोधत बसतात. तुझे नेमके उलटे झाले आहे आणि माझ्या मते ते बरेच झाले. लिन सोन्डेक एलपी १२, टेक्निक्स एसपी-१० मार्क टू आणि गॅरार्ड ३०१ या तिघांपैकी काय घ्यावे, असे तू विचारतोस. त्याचे निम्मे उत्तर त्या आर्ममध्येच आहे आणि उरलेले निम्मे तुमच्या साताऱ्याच्या वाड्याच्या माडीत आहे.

प्रथम आर्मचे पाहू. त्याचा पिव्हट, म्हणजे ज्यावर तो फिरतो तो बिंदू, टर्नटेबलच्या मधल्या स्पिंडलपासून सुमारे २१५ मि.मी. अंतरावर यावा लागतो. सुई असलेले कार्ट्रिज बसवायच्या जागी खाचा नसून गोल भोके आहेत, त्यामुळे कार्ट्रिज पुढेमागे सरकवता येत नाही. सरकतो तो आर्मचा पायाच, आणि त्यासाठी फळीत लांबट खाच कापावी लागते. ही सोय मोठी आहे. रेगा कंपनीच्या आर्मला फळीतले भोक जागच्या जागी पडावे लागते, इथे सुताराच्या हातून मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी सावरून घेता येते. मात्र आर्मचे वजन पाऊण किलोच्या आसपास आहे, आणि पुढची सगळी कथा या वजनाची आणि त्या २१५ मि.मी.ची आहे.

लिनचे टर्नटेबल गेली पन्नास वर्षे लोकांनी डोक्यावर घेतले आहे आणि ते उगाच नाही. पण त्याचा प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) आणि आर्म हे दोन्ही तीन स्प्रिंगांवर तोललेल्या आतल्या चौकटीवर बसतात. तिथे एका कोपऱ्यात जड आर्म आला की तोल बिघडतो आणि स्प्रिंगा नव्याने जुळवाव्या लागतात. अनेकांनी हा आर्म लिनवर बसवला आहे, तेव्हा ते अशक्य नाही. परंतु ज्याला ते जुळवता येते असा माणूस साताऱ्यात कुठून आणणार? शिवाय तुमची माडी लाकडी तक्तपोशीची. कोणी जिना चढून आले की ती जी संथ हलते, नेमक्या तशाच हालचालीला स्प्रिंगा साथ देतात आणि सुई रेकॉर्डवर उड्या मारू लागते. म्हणून लिन मी बाजूला ठेवतो.

टेक्निक्सविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. १९७५ साली आलेल्या या यंत्राची गती क्वार्ट्झ स्फटिकाने बांधलेली आहे, त्यामुळे विजेच्या लहरीपणाचा त्यावर परिणाम होत नाही. तंबोऱ्याचा षड्ज आणि विलंबितातला लांब ठेहराव यांची परीक्षा घ्यायची तर त्याच्याइतके खात्रीचे यंत्र क्वचितच सापडेल. अडचण आहे ती जागेची. त्याचे चौकोनी धातूचे अंग इतके रुंद आहे की २१५ मि.मी.वर पिव्हट असणाऱ्या आर्मला त्याच्या कडेशी फार थोडी जागा उरते. त्याला दहा किंवा बारा इंची आर्मच सोयीचे. तुझा आर्म बारा इंची असता तर हे पत्र इथेच संपले असते.

राहता राहिले गॅरार्ड ३०१. इंग्लंडमधल्या स्विंडन इथे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६५ पर्यंत ते तयार होत असे. मोटरची गती रबरी आयडलर चाकामार्फत थेट प्लॅटरच्या आतल्या कडेला दिली जाते, त्यामुळे पखवाजाची थाप किंवा तबल्याचा बायाँ ज्या जोमाने येतो तो बेल्टने फिरणाऱ्या यंत्रांत मला क्वचित ऐकू आला. एस.एम.ई.चे आर्म त्याच्या शेजारी गेली साठ वर्षे बसत आले आहेत. तुला गंमत वाटेल, पुण्यात मुळे असलेल्या कॅडेन्स समूहाने २०१६ साली एस.एम.ई. घेतली आणि २०१८ साली गॅरार्डचे नावही त्याच घरात आले. आता ते जुनी ३०१ नव्याने बांधून आपल्या आर्मसह विकतात.

गॅरार्डची मोटर मात्र थरथरते. हलक्या खोक्यात ठेवलेस तर ती घरघर सुईपर्यंत पोचेल, म्हणून बर्च प्लायचे थर चिकटवून केलेला जड, भरीव प्लिंथ, म्हणजे बैठक, हवा. वरून हवे तर सागवान लाव. त्याने आवाज सुधारत नाही, डोळ्यांना मात्र बरे वाटते.

अमेरिकेतल्या विक्रेत्याने तुला पाठवलेल्या गॅरार्डच्या फोटोंबाबत एक गोष्ट नीट लक्षात घे. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज बदलेल, हर्ट्झ बदलणार नाहीत. मोटरवरची पुली तिथली असेल तर ३३⅓ ऐवजी प्लॅटर २८ च्याही आत फिरेल आणि काळी एकमध्ये गाणारा गवई काळी पाचच्याही जरा खाली उतरेल. यंत्रावरच्या गतीच्या बारीक खुंटीने एवढा फरक भरून निघत नाही. म्हणून ५० हर्ट्झची पुली आहे का, हे आधी लेखी विचार. आयडलरच्या रबरावर सपाट डाग पडले आहेत का, तेही विचार. वर्षानुवर्षे दाबून ठेवलेले रबर असे बसते आणि मग प्रत्येक फेऱ्याला ठोका ऐकू येतो.

कार्ट्रिजची फारशी चिंता करू नकोस. आर्मचे परिणामी वस्तुमान, म्हणजे सुईला जाणवणारे त्याचे वजन, ११ ग्रॅम धर, त्यात ८ ग्रॅमचे कार्ट्रिज आणि ग्रॅमभर स्क्रू मिळव, आणि कार्ट्रिजच्या सुईच्या आधाराची लवचीकता १२ (मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन) असेल तर अनुनाद, म्हणजे आर्म आपसूक ज्या गतीने डोलतो ती, १० हर्ट्झच्या किंचित वर येतो. ८ ते १२ च्या दरम्यान तो असला की झाले. जपानी कंपन्या लवचीकता बहुधा १०० हर्ट्झला मोजतात, तो आकडा दीड ते दोनपट करूनच हिशेबात घे.

आता माडी. भिंतीत ब्रॅकेट ठोकून फळी लावायचा तुझा विचार मला पटत नाही, कारण मातीत रचलेल्या जुन्या भिंतीत एवढ्या वजनाला बोल्ट धरतीलच याचा भरवसा नाही. त्यापेक्षा पश्चिमेच्या जाड भिंतीतला तो मोठा कोनाडा वापर. त्यात शहाबादी फरशी पाणसळीत बसव आणि तिच्यावर प्लिंथ ठेव, म्हणजे तक्तपोशीशी त्याचा संबंधच राहणार नाही. आर्मचे मागचे वजन फिरताना भिंतीला लागू नये, एवढी जागा मागे सोड. कोनाड्याची खोली आणि रुंदी मोजून कळव, आणि माझे उत्तर येईपर्यंत विक्रेत्याला पैसे पाठवू नकोस.

तुझा,
माधव