जे बरे झाले त्यांची मोजणी कोण करणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,

स. न. वि. वि.

मी वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. रुग्णांच्या लघवीतले, रक्तातले, जखमेतले जंतू वाढवायचे आणि त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते पाहायचं, हे माझं काम. त्यात लघवीचे नमुने सगळ्यांत जास्त. सकाळी इन्क्युबेटर उघडला की आदल्या दिवशी लावलेल्या प्लेटींची (जंतू वाढवायच्या चपट्या तबकड्यांची) चळत बाहेर येते आणि पुढचे दोन तास त्या उजेडात धरून वाचण्यात जातात. अँटिबायोटिकना न जुमानणाऱ्या जंतूंविषयी तुमच्या टेबलावर अहवालांची कमी नसेल. तरीही लिहिते आहे, कारण त्या अहवालांतले कितीतरी आकडे आमच्यासारख्यांच्या टेबलावरून तुमच्याकडे येतात आणि ते कुठे लंगडे आहेत हे आम्हाला ठाऊक आहे.

आधी आमच्या टेबलावर काय चालतं ते सांगते. एक मायक्रोलिटर लघवी उचलणाऱ्या मापाच्या लूपने प्लेटवर रेघा ओढतात. दुसऱ्या दिवशी तिथे शंभर ठिपके उगवले असतील तर मिलिलिटरला एक लाख जंतू, असा हिशोब. ठिपके पिवळे, ठसठशीत असले तर बहुधा ई. कोलाय, चिकट, एकमेकांत ओघळलेले असले तर क्लेबसिएल्ला या दुसऱ्या जंतूचा संशय घ्यायचा. मग त्यातले थोडे जंतू सलाइनमध्ये कालवून दुसऱ्या प्लेटभर सारवायचे, वर औषधांच्या सहा मिलिमीटरच्या कागदी डिस्क ठेवायच्या आणि पुन्हा रात्रभर थांबायचं. औषध लागू पडत असेल तर डिस्कभोवती काही उगवत नाही, स्वच्छ गोल राहतो. तो पट्टीने मोजायचा. नायट्रोफ्युरँटॉइन या लघवीच्या इन्फेक्शनवरच्या औषधाचा गोल १७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर आम्ही वापरतो त्या मापदंडाप्रमाणे औषध चालेल, १४ किंवा कमी असेल तर नाही.

काही प्लेटींवर गोल वाकडा येतो. सेफॅलोस्पोरिन गटातल्या अँटिबायोटिकच्या डिस्कभोवतीचा गोल शेजारच्या क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या डिस्ककडे ओढल्यासारखा फुगतो आणि कुलपाच्या भोकासारखी आकृती तयार होते. जंतू ईएसबीएल हे एन्झाइम बनवतो आहे, म्हणजे पेनिसिलिन आणि बहुतेक सेफॅलोस्पोरिन तोडून टाकतो आहे, याची ती खूण. शिकत असताना ही आकृती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी मैत्रिणींना बोलावून दाखवली होती. आता कुणी मान वर करून बघतही नाही.

मध्यंतरी एका तरुण बाईंची लघवी आली. वर्षातलं चौथं इन्फेक्शन. आधीच्या तिन्ही वेळा गोळ्या मिळाल्या होत्या, दर वेळी वेगळ्या, आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) एकदाही झालेलं नव्हतं. प्लेटवर कुलपाचं भोक होतंच. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या डिस्कला जंतू अगदी चिकटून उगवले होते, को-ट्रायमोक्साझोलचंही तेच. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन तेवढी चालत होती. दोन्ही तोंडाने घ्यायची, दोन्ही जुनी. मी डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं की त्यांना आदल्या दिवशीच शिरेतून मेरोपेनेम हे राखीव ठेवायचं अँटिबायोटिक सुरू झालं आहे. ताप नव्हता, पाठीत दुखत नव्हतं, होती ती मूत्राशयाची जळजळ. डॉक्टरांचा राग आला असं म्हणणार नाही. तीन औषधं हरल्यावर चौथ्या वेळी कुणीही मोठी तोफ काढेल.

या जंतूंची एक गोष्ट बैठकांमध्ये फारशी बोलली जात नाही. लघवीच्या इन्फेक्शनमधला ई. कोलाय बहुतेक वेळा बाहेरून येत नाही, तो रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातला असतो. त्यामुळे सर्दी-खोकल्यासाठी विनाकारण घेतलेल्या अँटिबायोटिकची किंमत चार महिन्यांनी मूत्राशयात वसूल होते. औषधाने आतड्यातले साधे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात आणि पुढच्या वेळी मूत्रमार्गात चढतात ते हेच. एका कोर्सचा हा परिणाम पहिल्या महिन्यात सर्वांत ठळक असतो आणि वर्षभरापर्यंत टिकू शकतो. शिवाय ईएसबीएलची जनुकं बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूंनी एकमेकांना द्यायच्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात आणि त्याच कडीवर इतर औषधांविरुद्धची जनुकंही अनेकदा असतात. एक औषध वापरलं की दुसऱ्या औषधाविरुद्धचा प्रतिकारही जगवला जातो. ई. कोलायचा एसटी १३१ नावाचा वंश असाच जगभर पसरला. २००८ मध्ये संशोधकांनी तो ओळखला तेव्हा तो आधीच तीन खंडांत पोहोचलेला होता.

आता ज्या कारणासाठी हे पत्र लिहिते आहे, त्याकडे येते.

आमच्याकडे कल्चरला कुणाची लघवी येते? साध्या इन्फेक्शनची पहिल्यांदा आलेली बाई डॉक्टरकडे जाते, गोळ्या घेते, तीन दिवसांत बरी होते. तिची लघवी आमच्यापर्यंत येत नाही आणि यायची गरजही नाही. धडधाकट, गरोदर नसलेल्या तरुण स्त्रीच्या साध्या इन्फेक्शनला दर वेळी कल्चर लागत नाही. आमच्याकडे येतात त्या गोळ्यांनी बऱ्या न झालेल्या, पुन्हा पुन्हा आजारी पडणाऱ्या, कॅथेटर (लघवीची नळी) घातलेल्या, वॉर्डात दाखल असलेल्या रुग्णांच्या लघव्या. वर्षाअखेरी याच नमुन्यांवरून आम्ही टक्केवारी काढतो, अमुक औषधाला इतके टक्के ई. कोलाय दाद देत नाहीत. तोच आकडा वर जातो, बेरजेत मिसळतो आणि 'समाजातला प्रतिकार' म्हणून छापला जातो. वर्गात नापास झालेल्यांचेच पेपर तपासून शाळेचा निकाल लावावा, तसं हे आहे.

असा निकाल लावल्याने काय बिघडतं, तेही ऐकावं. को-ट्रायमोक्साझोलसारख्या साध्या औषधाबाबत जगभर मानला जाणारा एक उंबरठा आहे. परिसरातल्या ई. कोलायमध्ये त्याचा प्रतिकार २० टक्क्यांच्या वर गेला की साध्या इन्फेक्शनला ते डोळे झाकून देऊ नये. नियम शहाणपणाचा आहे, पण तो साध्या रुग्णांमधल्या प्रतिकारासाठी आहे. आपण त्यात नापासांच्या पेपरांवरून आलेला फुगलेला आकडा घालतो. उंबरठा कागदावर ओलांडला जातो, जुनं औषध बाद होतं, डॉक्टर वरच्या पायरीवर जातात, वरच्या औषधाचा प्रतिकार वाढतो आणि पुढच्या वर्षी तोही आमच्या प्लेटींवर उगवतो. आमचा चुकीचा आकडा अशा रीतीने स्वतःला खरा करून घेतो.

याचा अर्थ प्रतिकार ही अफवा आहे असा कुणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये लघवीच्या इन्फेक्शनमधल्या ई. कोलायपैकी पाचातला एक नेहमीच्या औषधांना पुरेशी दाद देत नव्हता. २०१९ मध्ये जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांनी जाहीरनामा मान्य केला, त्यात या जिवाणूंशी निगडित मृत्यू २०३० पर्यंत १० टक्क्यांनी कमी करण्याचं आणि माणसांना दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकपैकी किमान ७० टक्के 'ॲक्सेस' गटातली, म्हणजे जुनी, तुलनेने कमी धोक्याची असावीत असं उद्दिष्ट आहे. नायट्रोफ्युरँटॉइन त्याच गटात येतं. पण ते कुठे पुरेसं आहे आणि कुठे नाही हे डॉक्टरला आपण सांगणारच नसू, तर तो ७० टक्क्यांकडे वळणार कसा?

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे. दरवर्षी काही आठवडे, निवडलेल्या प्राथमिक केंद्रांवर, साध्या इन्फेक्शनची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक स्त्रीची लघवी औषधाआधी घ्या आणि कल्चर करा. बरी होवो न होवो, मोजणीत ती हवीच. उपचार थांबवायचा नाही, गोळ्या त्याच दिवशी द्यायच्या. फक्त बाटली आधी भरायची. हे नवं नाही. १९९९-२००० मध्ये युरोपातले १६ देश आणि कॅनडा यांनी मिळून साध्या इन्फेक्शनची अशी पाहणी केली होती. २००३ ते २००६ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत आणि ब्राझीलमध्ये पुन्हा एक झाली. त्या पाहण्यांमुळे कुठलं जुनं औषध अजून कामाचं आहे हे ठामपणे सांगता आलं. आकडे भागवार छापा. वॉर्डातले, कॅथेटरवाल्यांचे आणि दवाखान्यातून घरी जाणाऱ्यांचे वेगळे छापा, आणि ज्या गटात एखाद्या जंतूचे तीसपेक्षा कमी नमुने असतील तिथे टक्केवारी देऊच नका. दहा नमुन्यांवरच्या 'शंभर टक्के'ने आधीच पुष्कळ घोळ घातलेत.

अडचण बाटलीची आहे, आणि हसू नका, खरोखर बाटलीचीच आहे. उन्हाच्या खोलीत दोन-तीन तास पडून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतच राहतात. आमच्याकडे पोहोचेपर्यंत हजाराचे लाख होतात आणि कुणाला नसलेलं इन्फेक्शन रिपोर्टवर येतं. बोरिक आम्ल घातलेल्या नळ्या मिळतात, त्यात नमुना साधारण दिवसभर टिकतो. केंद्रांना या नळ्या आणि स्त्रियांना मधल्या धारेची लघवी कशी घ्यायची हे समजावून सांगणारं माणूस द्या. महागड्या यंत्रांचे प्रस्ताव तुमच्याकडे येतच असतील, त्यांच्याआधी हे करा.

आता आमची चूक. वर्षानुवर्षं आम्ही रिपोर्टवर तपासलेली सगळी औषधं छापत आलो. वीस नावं, प्रत्येकापुढे 'एस' (चालतं) किंवा 'आर' (चालत नाही). रात्री ११ वाजता वॉर्डातला थकलेला निवासी डॉक्टर त्या यादीतून काय उचलेल? सगळ्यांत मोठं, सगळ्यांत खात्रीचं. वर सांगितलेल्या बाईंच्या रिपोर्टवरही मेरोपेनेमपुढे 'एस' होतंच. आता आम्ही मूत्राशयाच्या इन्फेक्शनला साधं औषध चालत असेल तर राखीव औषधं रिपोर्टवर दाखवत नाही, मागितली तर सांगतो. सुरुवातीला फोनवर बोलणी खाल्ली. एका ज्येष्ठांनी "प्रयोगशाळेने डॉक्टरकी करू नये" असं सुनावलं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण ताप, कंबरदुखी असलेल्या मूत्रपिंडाच्या इन्फेक्शनला नायट्रोफ्युरँटॉइन चालत नाही, ते रक्तात आणि मूत्रपिंडाच्या पेशींत पुरेसं पोहोचतच नाही, आणि आमच्या हातात असते ती फक्त बाटली, रुग्ण नाही. म्हणून हा निर्णय एकेका प्रयोगशाळेवर सोडू नका. सरकारी आदेश हवा, आणि कल्चरच्या मागणीपत्रावर 'ताप आहे का, कॅथेटर आहे का, लक्षणं आहेत का' हे भरल्याशिवाय नमुना घेऊ नये, एवढी मुभा आम्हाला हवी.

तिसरा प्रश्न, 'लक्षणं आहेत का', सगळ्यांत जास्त औषध वाचवेल. म्हातारपणी कितीतरी जणांच्या लघवीत जंतू असतात आणि काही त्रास नसतो. कॅथेटर घातल्यावर तर रोज साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांत जंतू येतात, महिन्याभराने जवळपास सगळ्यांत. लक्षणं नसताना उपचार लागतो तो मुख्यतः गरोदर स्त्रियांना आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधी. बाकीच्यांना आपण रिपोर्ट बरा करण्यासाठी औषध देतो. कॅथेटर रोज सकाळी 'काढता येईल का' असं विचारून वेळेत काढलं, तर आमच्याकडचं कामही कमी होईल.

नवी औषधं येत आहेत, हे खरं. २०२५ मध्ये अमेरिकेत साध्या इन्फेक्शनसाठी जेपोटिडासिन मंजूर झालं, त्याआधी २०२४ मध्ये पिवमेसिलिनम. दुसऱ्याचं तर हसूच येतं, उत्तर युरोपात ते कित्येक दशकं वापरात आहे. नव्या औषधाची वाट पाहण्यात गैर काही नाही, पण ते आलं की त्याचीही अवस्था सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी करायला आपल्याला किती वर्षं लागतील, याचा अंदाज माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त असेल.

पाहणीचा आराखडा दोन पानांत मावतो. केंद्रं कशी निवडायची, नळ्या किती लागतील, प्लेटी कोण वाचेल आणि एकाच रुग्णाचा जंतू दोनदा मोजला जाऊ नये म्हणून काय करायचं, हे सगळं आम्ही काही सहकाऱ्यांनी मांडून ठेवलं आहे. वेळ द्यावी, घेऊन येते. सकाळी ११ नंतरची असली तर बरं, तोपर्यंत प्लेटी वाचून होतात.

कळावे,

आपली,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ