पोराला ‘वाया गेलेला’ म्हणण्याआधी

संपादक महोदय,

टीनएजर मुलांची मारामारी, चोऱ्या, दादागिरी यावर बोलताना विषय मोबाईल आणि संस्कार यावरच संपतो, त्या मुलाचं लहानपण कसं गेलं हे कुणी विचारतच नाही, याचं फार वाईट वाटतं. ज्या लेकराला घरात कधीही मार बसू शकतो ते सतत अलर्टच राहतं, मग शाळेत कुणाचा चुकून धक्का लागला तरी त्याला तो मुद्दाम मारलाय असंच वाटतं आणि हात आधी उठतो. काही मुलं तर आतून बधिरच होतात, समोरचा रडला तरी त्यांना काही वाटत नाही, आणि आपण त्यांना निर्दयी ठरवून मोकळे!

पण छळ सोसलेलं प्रत्येक मूल गुन्हेगार होतं असंही अजिबात नाही. अमेरिकेत कॅथी विडम यांचा १९८९ चा अभ्यास आहे, त्यात छळ किंवा दुर्लक्ष झालेल्यांपैकी साधारण २६ टक्के मुलांना अल्पवयातच अटक झाली होती, आणि तसं काही न झालेल्यांमध्ये १७ टक्के. म्हणजे धोका नक्की वाढतो, तरी बहुतेक मुलं त्या वाटेला गेलीच नाहीत. (हे दुसरं वाक्य बातम्यांमध्ये कधीच येत नाही.)

म्हणून शाळांना कळकळीची विनंती, नाव काढून टाकण्याआधी समुपदेशकाला त्या मुलाशी एकट्याने, निवांत बोलू द्या. आणि घरी मार बसतोय असं कळलं तर फक्त पालकांना बोलावून तक्रार करू नका, त्या रात्री त्याला अजून मार बसतो.

– एक वाचक