विनापरवाना कोणाला म्हणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात ‘विनापरवाना मासेमारी करणाऱ्या नौकांवर धडक कारवाई’ ही बातमी वाचली. त्या यादीत एलईडी दिवे लावून मासे ओढणारी एक मोठी नौका आहे आणि तिच्याच खाली परवान्याचं नूतनीकरण राहिलेल्या तीन पाती, म्हणजे लहान होड्या, आहेत. चौघांना एकच शब्द, विनापरवाना. माझी नम्र विनंती आहे, हा शब्द छापण्यापूर्वी त्या तीन पातींच्या मालकांना एकदा फोन करायचा होता.

मी मासळी विकते. आमची एक पात आहे, आम्ही कांडाळी मारतो, म्हणजे पाण्यात उभं सोडायचं साधं जाळं. समुद्रात जाणं यांचं आणि कागद सांभाळणं माझं, अशी आमच्या घरी पहिल्यापासून वाटणी आहे. म्हणून हे पत्र मीच लिहिते आहे.

आमच्या परवान्याची मुदत संपण्याआधीच लेकीने मोबाइलवरून अर्ज भरला. चार दिवसांनी तो परत आला. पातीच्या मशीनच्या (इंजिनच्या) बिलावरचा नंबर आणि नोंदणीतला नंबर जुळत नव्हता. बिल काढून बघितलं. कधीतरी पावसात भिजलेलं, शाई पसरलेली, शेवटचा आकडा ३ म्हणावा की ८ तेच कळेना. मशीन तर समोर दारात होतं, त्याच्यावर आकडा कोरलेला आहे, लेकीने त्याचा फोटो काढून पाठवला. फोटो चालत नाही म्हणाले. दुकानदाराकडून नवीन बिलाची प्रत आणा. ती आणली, तर त्यावर शिक्का नव्हता. मग तपासणीला माणूस येईल, थांबा. मी तीन वेळा गेले. एका खेपेला अख्खा दिवस जातो, म्हणजे त्या दिवशीची विक्री बुडाली. कोणी माझ्याशी वाईट बोललं नाही, हेही सांगते. नुसतं ‘उद्या या’.

तेवीस दिवस पात वाळूत ओढून ठेवलेली, वर माडाची झावळं टाकलेली. जानेवारीचे दिवस, बांगडा लागत होता. दोन खलाशी रोज सकाळी येऊन पातीजवळ बसायचे आणि दहा वाजता घरी जायचे. त्यातला एक शेवटी दुसऱ्याच्या होडीवर गेला, त्याला तरी काय बोलणार, घरी लहान मूल आहे. आमच्याकडे परवाना नव्हता, म्हणून आम्ही गेलो नाही. एकदाही नाही. नियम आहे तर पाळायचा, हे माझ्या सासऱ्यांनी आम्हाला शिकवलं. पर्ससीनवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, निर्बंध घाला म्हणून जे मोर्चे निघाले त्यांत ते म्हातारपणी चालत गेले होते. ५ फेब्रुवारी २०१६ चा तो आदेश आमच्या माणसांनी मागून घेतलेला आहे. आम्ही परवान्याच्या विरोधात आहोत असं कोणी समजू नये.

आणि त्याच तेवीस रात्री समोर काय चाललं होतं? जेवणं झाली की मी खळ्यात उभी राहायची. समुद्रावर जत्रेसारखा उजेड. दिवे एकेक करून मोजता यायचे, इतके जवळ. एका रात्री नऊ मोजले. पर्ससीनला मुभा सप्टेंबर ते डिसेंबर, म्हणजे जानेवारीत ते जाळंच नको. एलईडीला तर केंद्राची बंदी २०१७ पासून. २०२१ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, एलईडीसाठी ५ ते २० लाखांपर्यंत दंड ठेवला. मी फोन केला. गस्तीची नौका दुसऱ्या टोकाला आहे, सकाळी बघू, असं उत्तर मिळालं. सकाळी दिवे कसे दिसतील? समुद्रावर पाळत ठेवायला ड्रोन आले त्याचा आम्हाला आनंदच झाला होता. पण ड्रोन फोटो काढतो. त्या नौकेच्या मागे जायला वेगाची नौका आणि तिच्यावर माणसं लागतात, ती पुरेशी कुठे आहेत? आणि दंड भरून सुटलेली नौका पुन्हा बाहेर पडते, तेव्हा तिचा परवाना कायमचा का जात नाही?

दुसऱ्या दिवशी लिलावात जी मासळी आली ती बघून माझ्या पोटात कालवलं. टोपल्याच्या टोपल्या सरंग्याची, म्हणजे पापलेटची, पिल्लं. लेकीच्या कंपासमधली पट्टी माझ्या पिशवीत होती, ती लावून बघितली. अकरा सेंटिमीटर. साडेदहा. एक बारा भरला. सरंगा १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पकडायचा नाही, असा नियम आहे. २०२३ मध्ये त्याला राज्यमासा केला, त्याचे मोठे फोटो तुम्हीच छापले होते. ती पिल्लं एक वर्ष पाण्यात राहिली असती तर आमच्या कांडाळीत आली असती, त्यांच्याही जाळ्यात गेली असती, सगळ्यांनाच मिळाली असती.

यावरून आणखी एक सांगायचं राहून जाईल. गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत तळलेल्या पापलेटची पाककृती होती. फोटोत एका ताटलीत चार अख्खे पापलेट मावले होते. ताटलीत चार मावतात म्हणजे ते केवढे असणार? ज्या वर्तमानपत्रात कारवाईची बातमी पहिल्या पानावर येते, त्याच वर्तमानपत्राने पिल्लं तळायला शिकवू नये. गिऱ्हाईक आमच्याकडे येऊन ‘लहान पापलेट द्या, ताटात छान दिसतात’ असं म्हणतं. मी देत नाही, तर ते पलीकडे जाऊन घेतं.

माझं मागणं मोठं नाही. ज्याने मुदतीत नूतनीकरणाचा अर्ज केला आहे, त्याच्या अर्जाची पावती परवाना हातात येईपर्यंत ग्राह्य धरावी. नाहीतर कार्यालयात कागद अडकायचा आणि उपाशी मात्र आम्ही राहायचं. दुसरं, ज्या पर्ससीन नौकांना परवाना आहे त्यांचे क्रमांक प्रत्येक बंदरावर फलकावर लावावेत. म्हणजे कोण परवान्याचा आणि कोण बिनपरवान्याचा, हे आम्हालाही वाचता येईल. आज आम्ही ओरडलो तर पुरावा आणा म्हणतात.

आमच्याच वाडीतली दोन पोरं त्या दिव्यांच्या नौकांवर कामाला आहेत. ती माझ्या समोर वाढली. त्यांचा राग मला येत नाही, इकडे पाती वाळूत बसल्यावर ती जाणार कुठे?

आमचा परवाना चोविसाव्या दिवशी मिळाला. अर्जाची पावती आणि परवाना, दोन्हींची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पातीचा क्रमांक झाकून छापलं तरी चालेल. तारखा मात्र दिसू द्या.

आपली विश्वासू,
एक मासळी विक्रेती, दक्षिण कोकण