मदत पूर्वीसारखी नको, वेगळी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी मदतीतल्या कपातीवर आपल्याकडे जे लेख येताहेत ते मी आवर्जून वाचतेय. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये मदत थांबवली, जुलैत यूएसएड ही परदेशी मदत देणारी सरकारी संस्थाच बंद करून टाकली, त्याने किती हाल झाले हे लिहायलाच हवं. पण बहुतेक लेख शेवटी एकाच मागणीवर येतात, मदत पूर्वीसारखी सुरू करा. माझी हरकत त्या 'पूर्वीसारखी'लाच आहे.

कॅरिबियन समुद्रातल्या हैती या गरीब देशाचं बघा. १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला, जगभरातून माणसं आणि पैसा तिकडे गेला, आणि मदतीचं प्लॅनिंग करणाऱ्या मीटिंगा व्हायच्या युएनच्या (संयुक्त राष्ट्रांच्या) तळावर, बंदोबस्तात, त्याही बऱ्याचशा इंग्रजीत. तिथले लोक बोलतात क्रेयोल, त्यांची स्वतःची भाषा! म्हणजे ज्याचं घर पडलंय, ज्याला कुठल्या गल्लीत किती माणसं उरलीत हे ठाऊक आहे तो गेटबाहेर, आणि कालच विमानातून उतरलेला माणूस आत नकाशा पसरून बसलाय. त्याच वर्षी ऑक्टोबरात युएनच्याच शांतिसैनिकांच्या छावणीतली घाण नदीत गेली आणि कॉलरा पसरला, दहा हजारांच्या आसपास लोक मेले, आणि युएनच्या सरचिटणीसांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. सहा वर्षं लागली.

तांदळाचंही तेच. नव्वदच्या दशकात हैतीला तांदळावरचं आयात शुल्क ५० वरून ३ टक्क्यांवर आणायला लावलं, मग अमेरिकेचा स्वस्त तांदूळ आला आणि तिथला शेतकरी बसला. बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेच्या सिनेट कमिटीपुढे ही चूक होती असं स्वतः कबूल केलं. (याच देशाने स्वतंत्र झाल्याबद्दल फ्रान्सला 'भरपाई' द्यायचं १८२५ मध्ये मान्य केलं होतं, आणि त्यासाठी काढलेलं कर्ज फिटता फिटता १९४७ उजाडलं. हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही.) आधी माणसाला कंगाल करायचं, मग त्याला पोतं द्यायचं आणि वर त्यालाच 'क्षमता नाही' म्हणायचं.

हे बदलण्याला हल्ली मदतीचं डिकॉलोनायझेशन म्हणतात, म्हणजे मदतीतली वसाहतवादी पद्धत मोडणं. शब्द जड आहे, तो ऐकला की लोकांना वाटतं कुणावर तरी राग काढताहेत. मला त्यातलं एवढंच कळतं की पैसा कुठे, कशावर आणि कधी खर्च करायचा हे कोण ठरवतंय ते बघायचं. युनिसेफ ही युएनची मुलांसाठीची संस्था १९४६ मध्ये सुरू झाली, २०२५ पर्यंत आठ प्रमुख झाले, आठही अमेरिकन. युएनचं मानवतावादी मदतीचं मुख्य पद २००७ पासून सलग सहा ब्रिटिशांकडे गेलंय. त्यातली काही माणसं खरंच चांगली असतील, पण आठात आठ हा योगायोग नसतो हो.

असं नाही की हे कुणाला माहीत नाही. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी कबूल केलं होतं की २०२० पर्यंत २५ टक्के पैसा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना देऊ. प्रत्यक्षात थेट गेलेला पैसा दोन-तीन टक्क्यांच्या आसपास, काही वर्षी त्याहूनही कमी. बाकीचा मोठ्या संस्थांमार्फत, एका हातातून दुसऱ्या हातात, प्रत्येक जण आपला ऑफिसखर्च कापून घेणार, आणि शेवटी जो प्रत्यक्ष गोळीबारात ट्रक घेऊन जातो त्याच्या हाती सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट. दरवर्षी जे मदत कर्मचारी मारले जातात त्यातले बहुतेक स्थानिकच असतात. जीव जाण्याची जोखीम त्यांच्यावर टाकायला चालते, मग पैशांच्या बाबतीतच का भरवसा नसतो?

आणि आता सुदान. एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटलं, परदेशी स्टाफला देशाबाहेर काढलं, बऱ्याच संस्था दूर किनाऱ्यावरच्या पोर्ट सुदान शहरात गेल्या. राजधानी खार्तूमच्या वस्त्यांमध्ये राहिली तिथलीच पोरंपोरी. त्यांनी इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स, म्हणजे वस्तीतल्याच लोकांचे मदत गट, काढले, परदेशात असलेल्या सुदानी लोकांकडून मोबाइल अ‍ॅपवर पैसे मागवले, मोठमोठी पातेली चढवली आणि गल्लीगल्लीत जेवण सुरू केलं, दवाखाने चालवले, बायकामुलांना बाहेर काढलं. कुणी येऊन 'कपॅसिटी बिल्डिंग'चं, म्हणजे क्षमता वाढवायचं, ट्रेनिंग देईल याची त्यांनी वाट बघितली नाही. नंतर थोडा अमेरिकन पैसा पोचला, तो २०२५ मध्ये एका सहीने थांबला आणि हजारावर स्वयंपाकघरं बंद पडली. त्यांना आधी कुणी विचारलंही नाही, सांगितलंही नाही.

स्थानिक म्हणजे आपोआप स्वच्छ असं मी म्हणत नाहीये. तिथेही टोळ्या असतात, आपल्याच माणसाला आधी देणारे असतात, हिशोब मागायलाच हवा. पण तो हिशोब जेवणाऱ्यांनाही मागता यावा, फक्त जिनिव्हा-वॉशिंग्टनला नाही, आणि ज्याला आज रात्री चूल पेटवायचीय त्याच्याकडून चाळीस पानी इंग्रजी फॉर्म भरून घेऊ नये.

आपल्याला एक विनंती आहे. सुदानची बातमी छापता तेव्हा फोटो असतो रडणाऱ्या मुलाचा, नाव नसलेला, आणि बोलतो कुठल्या तरी मोठ्या संस्थेचा प्रवक्ता. पुढच्या बातमीत आधी त्या स्वयंपाकघरातल्या कुणाला तरी बोलू द्या, त्यांना काय हवंय ते त्यांच्या तोंडून छापा, प्रवक्ता खाली चालेल.

आपली,
एक नियमित वाचक